संगीत आणि वैद्यक: देवगिरी ते जयपूर

‘अमुक राग ऐका, तमुक रोग बरा होईल’ असे दावे तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. त्यांना आधार म्हणून बहुधा जुन्या ग्रंथांचे नाव पुढे केले जाते. अशा दाव्यांकडे कसे पाहावे, हे ठरवण्यासाठी संगीत आणि वैद्यक या दोहोंशी संबंध असलेली दोन उदाहरणे पाहू.

१. देवगिरी, तेरावे शतक

यादव राजा सिंघण याच्या काळात देवगिरी (आजचे दौलताबाद) येथे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख होता आणि वैद्यकही जाणत होता. त्यामुळे सात अध्यायांच्या या ग्रंथात स्वरांच्या आधी शरीराचे वर्णन येते: गर्भाची वाढ, अवयव, नाड्या. नाद शरीरातून निघतो, म्हणून आधी शरीर समजून घ्यावे, असा हा क्रम आहे.

त्यातील दोन विधाने शेजारी ठेवा. मंद्र स्वर हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात, असे ग्रंथ सांगतो. त्या त्या जागी कंप जाणवतो, हा गायकांचा आजचाही अनुभव आहे. हृदयाशी असलेल्या २२ नाड्यांतून २२ श्रुती उमटतात, असेही ग्रंथ म्हणतो. शरीरविच्छेदनात मात्र अशी रचना आढळत नाही. आवाज स्वरयंत्रात निर्माण होतो. १८५४ मध्ये मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरशाच्या साहाय्याने स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली आणि त्याचा लाभ वैद्यकालाही झाला.

२. जयपूर, अठरावे शतक

जयपूरचा राजा सवाई प्रतापसिंह (कारकीर्द १७७८ ते १८०३) हवामहलामुळे सर्वांना माहीत आहे. त्याच्या नावावर दोन ग्रंथ आहेत: संगीतावरील ‘राधागोविंद संगीतसार’ आणि रोगनिदान व उपचारांवरील ‘अमृतसागर’. काळाने हे ग्रंथ उशिराचे, परंतु त्यांची परंपरा मध्ययुगीन आहे. संगीतसाराची सात अध्यायांची मांडणीही ‘संगीतरत्नाकरा’चीच आहे. दोन्ही ग्रंथ संस्कृतात न लिहिता लोकांच्या बोलीत लिहिले गेले.

महत्त्वाचा बदल स्वरांत आहे. शार्ङ्गदेवाचे शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचे मानले जाते. संगीतसाराने मात्र बिलावल शुद्ध धरला, कारण गवयांच्या प्रत्यक्ष गाण्यात तोच रूढ होत होता. जुन्या ग्रंथाचा मान राखूनही चालू व्यवहाराला प्रमाण मानले गेले. पुढे पंडित भातखंडे यांच्या पद्धतीतही बिलावल हाच शुद्ध थाट ठरला.

प्रतापसिंह १७८७ मध्ये तुंग्याला महादजी शिंदे यांच्या फौजेशी लढला. त्याचा हाच संगीतग्रंथ १९१० ते १९१२ या काळात पुणे गायन समाजाने छापून प्रसिद्ध केला. राजकीय वैर विद्येच्या आड आले नाही.

३. आजची उपयुक्तता

संगीत ऐकल्याने शस्त्रक्रियेपूर्वीची भीती कमी होऊ शकते, असे आधुनिक अभ्यासांत दिसले आहे. यावरून एखादा राग मधुमेह बरा करतो, असे सिद्ध होत नाही. ‘अमृतसागरा’तील औषधेही आजच्या कसोटीवर तपासूनच घ्यावी लागतील. या विद्येकडून तयार उत्तरांपेक्षा तिची रीत घेण्यासारखी आहे: दोन शास्त्रे एकत्र अभ्यासणे, ग्रंथ व्यवहाराशी ताडून पाहणे आणि ज्ञान लोकभाषेत आणणे.

स्वाध्याय: तुमच्या पाहण्यात आलेला ‘रागोपचारा’चा एक दावा निवडा. त्यातील मूळ ग्रंथाचे विधान कोणते, नंतर जोडलेले कोणते आणि तपासता येण्यासारखे कोणते, ते वेगळे करून लिहा.