ब्रेकवरचा पाय आणि आईची मळमळ

आजचा विषय हायब्रिड गाडीचा इतिहास. म्हणजे मायलेजचा इतिहास नाही, तो सगळ्यांना पाठ आहे. गाडीत बसणाऱ्याच्या पोटाचा इतिहास. हसू नका, खरंच सांगतोय.

दिवाळीत आम्ही पुण्याहून पाचगणीला गेलो. मी, आई आणि बाबा. गाडी माझी, नवीकोरी हायब्रिड, पाच वर्षांचा ईएमआय. कुठल्या कंपनीची ते सोडा. येताना पसरणीच्या घाटात निम्म्यावर इंजिन अचानक मोठ्याने ओरडायला लागलं. आई मागून म्हणाली, "अरे, उतारावर ही एवढी बोंबलते कशाला?" मी म्हटलं, नॉर्मल आहे. पुढे खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर ही मोठी रांग. थोडं पुढे, थांब, थोडं पुढे, थांब. टोल ओलांडला आणि आईने गाडी बाजूला घ्यायला लावली. उलटी झाली. पाणी पिऊन म्हणाली, "थांबताना ही गाडी पोटातून ओढते रे."

आणि मी काय म्हणालो? "आई, तुला तसं वाटतंय. घाटामुळे झालं असेल."

त्यानंतर आई माझ्या गाडीत बसलेली नाही. चिंचवडला मामाकडे जायचं असलं तरी बाबांना त्यांची जुनी गाडी काढायला लावते. मी बॅकएंडमध्ये काम करतो. आमच्याकडे टेस्टरने बग टाकला आणि आपल्या मशीनवर तो दिसला नाही, की "रिप्रोड्यूस होत नाही" लिहून बंद करायची वाईट सवय असते. मी आईचा बग तसाच बंद केला होता. मग एका रात्री वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की हे माझ्या आधी बऱ्याच मोठ्या लोकांनी केलंय.

आता थोडं मागे जाऊ. व्हिएन्नामध्ये लोनर नावाची घोडागाड्या बनवणारी कंपनी होती. तिथे विशीतला फर्डिनांड पोर्शे कामाला होता. हो, तोच पोर्शे. 1900 च्या सुमारास त्याने चाकांच्या आत विजेच्या मोटरी बसवलेली गाडी केली, आणि मग तिच्यावर पेट्रोल इंजिनं चढवली, जी जनरेटर फिरवून वीज तयार करायची. नाव ठेवलं 'सेम्पर व्हिवस', म्हणजे सदा जिवंत. कल्पना झकास. पण जड मोटर चाकातच असली की खड्ड्याचा दणका स्प्रिंगच्या खालीच बसतो, स्प्रिंग तो धड झेलू शकत नाही. म्हणजे पहिल्या हायब्रिडपासूनच हिशोब असा होता: तंत्र पुढचं, बसणाऱ्याचं नशीब ज्याचं त्याचं. नंतर पेट्रोल स्वस्त झालं आणि सत्तर वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत व्हिक्टर वूक या इंजिनिअरने एक ब्यूक स्कायलार्क हायब्रिड करून दाखवली. सरकारी चाचण्या झाल्या आणि विषय तिथेच थांबला.

खरी गोष्ट सुरू होते 1993 मध्ये, टोयोटात. 'जी 21' नावाचा प्रोजेक्ट, एकविसाव्या शतकासाठीची गाडी. प्रमुख म्हणून नेमले ताकेशी उचियामादा. या माणसाची पार्श्वभूमी मला फार आवडली: ते गाडीतला आवाज आणि थरथर कमी करण्याच्या कामातले. म्हणजे बसणाऱ्याला काय जाणवतं, हाच त्यांचा विषय. त्यांच्या टीमने मायलेज निम्म्याने वाढवायचा विचार केला होता. वरून आदेश आला, दुप्पट करा. नेहमीच्या इंजिनात ते शक्य नव्हतं, म्हणून हायब्रिड. 1995 च्या शेवटी पहिला प्रोटोटाइप तयार झाला आणि 49 दिवस जागचा हललाच नाही. ज्यांनी कधी रिलीजच्या आदल्या रात्री बिल्ड फुटताना पाहिलंय, त्यांना या 49 दिवसांचं दुःख कळेल. शेवटी डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये प्रियस विक्रीला आली.

कौतुक भरपूर झालं. पण रोज चालवणाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे उभी, त्यामुळे ती सीट दुमडायची नाही, लांब सामान डिकीतून आत सरकायचं नाही. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालायचा, म्हणजे सिग्नलला पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करा नाहीतर गार हवा खा, एक काहीतरी निवडा. टायर मायलेजसाठी अरुंद आणि कमी घर्षणाचे, स्टिअरिंगमधून रस्त्याचा अंदाज येईना. आणि लांब चढावर बॅटरी उतरली की डॅशबोर्डवर चक्क कासवाचं चित्र लागायचं! अर्थ: आता ताकद कमी मिळेल, हळू चला. मला हे कासव जाम आवडलं. निदान प्रामाणिक होतं बिचारं.

आणि ब्रेक. पहिल्या प्रियसचे ब्रेक हलक्या पायाला एकदम पकडतात, ही तक्रार सगळीकडे होती.

हे का होतं ते समजून घेऊ, कारण आईचं पोट इथेच अडकलंय. साध्या गाडीत पाय पेडलवर, पेडल ऑइलवर, ऑइल पॅडवर. सरळ ओळ. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबला की आधी मोटर उलटं काम करते: चाकांनी ती फिरते, वीज बनवते, बॅटरी भरते, आणि त्यात गाडीचा वेग खाते. पण गाडी अगदी चालण्याच्या वेगावर आली की मोटरला हे जमत नाही. तिथे तिने हात काढायचा आणि नेहमीच्या पॅडने पकडायचं. ही अदलाबदल शेवटच्या काही फुटांत होते. ती गुळगुळीत झाली तर कुणाला कळत नाही, नाही झाली तर बारीकसा हिसका. ड्रायव्हरला तो जाणवत नाही, कारण आपण कधी थांबणार हे त्याच्या शरीराला आधीच माहीत असतं. मागे बसलेल्याला माहीत नसतं. टोलच्या रांगेत असा हिसका चाळीस वेळा.

2003 च्या प्रियसमध्ये टोयोटाने बरंच सुधारलं. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर आला, सिग्नलला इंजिन बंद आणि हवा गार. मागे उघडणारं मोठं दार आलं, सीट दुमडायला लागली. आणि ब्रेकमध्ये गंमत केली: पेडल आणि चाकाच्या मध्ये कॉम्प्युटर. एरवी तुमचा पाय दाबतो ते एका सिम्युलेटरला, जो पायाला खऱ्या ब्रेकसारखा जोर परत देतो. किती काम मोटरचं, किती पॅडचं, हे कॉम्प्युटर ठरवतो. वीज गेली तर थेट ऑइलची जुनी वाट उघडते, काळजी नसावी. पण रोजच्या चालवण्यात पायाला जे कळतं, ते सॉफ्टवेअरने बनवलेलं असतं.

आता घाटातल्या त्या बोंबलण्याचा हिशोब. दीड टनाची गाडी पाचशे मीटर खाली आणली, की साधारण 2 युनिट ऊर्जा मोकळी होते, वीजबिलातली युनिट. 2003 च्या प्रियसची बॅटरी सगळी मिळून 1.3 युनिटची, आणि तीही पूर्ण वापरत नाहीत. मोठ्या घाटात ती निम्म्यावरच भरते. मग मोटरची वीज टाकायला जागा नाही, म्हणून गाडी इंजिनालाच पेट्रोलशिवाय गरगर फिरवून वेग खाते. आवाज त्याचा. आईला मी "नॉर्मल आहे" म्हणालो ते खरं होतं, पण मलाही तेव्हा कारण माहीत नव्हतं. हे जास्त लाजिरवाणं.

मग आलं 2010. तिसरी प्रियस. अमेरिका आणि जपानमधले लोक सांगायला लागले, की खडबडीत किंवा बर्फाळ रस्त्यावर ब्रेक दाबलेला असताना क्षणभर गाडी सुटल्यासारखी वाटते. चाक घसरायला लागलं की एबीएस जागं होतं, मोटरचा ब्रेक सोडून सगळं काम ऑइलकडे जातं, आणि त्या देवघेवीत एक क्षण ब्रेक कमी लागतो. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याकडे 124 तक्रारी गेल्या. सुरुवातीला कंपनीकडून सूर असा होता, की हा ड्रायव्हरला ब्रेक कसा 'जाणवतो' याचा प्रश्न आहे. म्हणजे, "आई, तुला तसं वाटतंय." त्याच वेळी नव्या गाड्यांमध्ये जानेवारीपासून सॉफ्टवेअर बदललेलंही होतं! 9 फेब्रुवारीला जगभरातल्या सुमारे 4 लाख 37 हजार हायब्रिड परत बोलावायची घोषणा झाली. एकही पार्ट बदलायचा नव्हता, फक्त एबीएसचा प्रोग्राम. माझ्यासारख्या माणसाला ही ओळ वाचून घाम फुटतो. वाटणं हाच इथे प्रॉडक्टचा भाग होता, आणि ते कोडमध्ये होतं.

(हायब्रिड इतक्या शांत चालतात की अंध लोकांना त्या येताना ऐकू येत नाहीत, आणि त्यावरून अमेरिकेत कायदा झाला, ही वेगळीच गोष्ट आहे. तिचा स्वतंत्र भाग करू.)

पुढे 2015 च्या प्रियसमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली गेली, मागचं सस्पेन्शन बदललं, गाडी वळणावर बरीच शहाणी झाली. पण जागेचं भांडण संपलेलं नाही. आपल्याकडे 2022 मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आली, तेव्हा पेट्रोल सिटीची 506 लिटरची डिकी हायब्रिडमध्ये 306 वर आली. सीएनजीची टाकी बसवलेल्यांना हे दुःख शिकवायला नको. गणपतीला गावी जाताना बॅगा मांडीवर.

तर, मागच्या रविवारी मी बाबांना गाडी चालवायला दिली. स्वतः मागे बसलो, आईच्या जागेवर, मान खाली घालून फोन बघत. सिंहगड रोड, संध्याकाळी सात. विसाव्या मिनिटाला पोटात ढवळलं. बग रिप्रोड्यूस झाला.

घरी येऊन आईला सांगितलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "मग? मी काय खोटं बोलत होते?" आता मी रोज ऑफिसला जाताना एक सराव करतोय: गाडी पूर्ण थांबायच्या अगदी आधी पेडलवरचा पाय किंचित हलका करायचा, म्हणजे शेवटचा हिसका मरतो. दहातल्या सात वेळा जमतं. आईने अट घातलीये, आधी चिंचवडपर्यंत. पुढच्या सीटवर बसणार, आणि प्लास्टिकची पिशवी हातात ठेवणार.

रविवारी निघतोय. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो.