सुएझ, हंगेरी आणि पंचशील : १९५६

इ. स. १९५६ च्या उत्तरार्धात सुएझ व हंगेरी हे दोन पेचप्रसंग एकाच वेळी उद्भवले. त्या काळात राष्ट्रांनी एकमेकांस ज्या तत्त्वांची आठवण करून दिली, ती बहुतांशी समानच होती. सार्वभौमत्व, अनाक्रमण, अहस्तक्षेप यांपैकी एकाही तत्त्वाचा उघड इन्कार कोणी केला नाही.

ईजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी २६ जुलै रोजी सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनी फॅसिस्ट हुकूमशहांच्या पूर्वीच्या अनुनयाचे स्मरण दिले. पुढे इस्रायलशी गुप्तपणे संधान बांधून ब्रिटन व फ्रान्स यांनी चढाई केली. जाहीर कारण मात्र लढणाऱ्या दोन पक्षांस अलग करण्याचे, म्हणजे शांततेचेच, सांगितले. सोव्हिएट सरकारची तऱ्हा फारशी निराळी नव्हती. समाजवादी राष्ट्रांत समता व परस्परांच्या कारभारात अहस्तक्षेप असावा, असे त्याने ३० ऑक्टोबरच्या निवेदनात म्हटले; ४ नोव्हेंबरच्या पहाटे त्याचे रणगाडे बुडापेस्टवर चालून गेले.

भारताची भूमिका अधिक विचारार्ह आहे, कारण येथे केवळ ढोंगाचा आरोप पुरेसा पडत नाही. पंचशीलाचा पुरस्कार करणाऱ्या संयुक्त निवेदनावर नेहरू व बुल्गानिन यांनी जून १९५५ मध्ये मॉस्को येथे सह्या केल्या होत्या. ईजिप्तवरील आक्रमणाचा भारताने निःसंदिग्ध निषेध केला. हंगेरीविषयी मात्र तो राष्ट्रसंघाच्या आमसभेत ४ नोव्हेंबरला तटस्थ राहिला. आणि ९ नोव्हेंबरला, राष्ट्रसंघाच्या विद्यमाने तेथे निवडणुका घेण्याचा पुरस्कार करणाऱ्या ठरावाविरुद्ध त्याने सोव्हिएट गटाबरोबर मत दिले. सार्वभौम राष्ट्रातील निवडणुकांवर बाह्य देखरेख नको, हा आक्षेप अहस्तक्षेपाच्या तत्त्वावरच उभा होता. त्यामागे काश्मीरची चिंता मुळीच नव्हती असे म्हणणे कठीण. ठरावाच्या सूचकांत पाकिस्तानही होते. परंतु ज्या राष्ट्राच्या राजधानीत परकीय सेना उभी आहे, त्याच्या सार्वभौमत्वाची काळजी केवळ मतपेटीच्या देखरेखीपुरती वाहावी, हा तत्त्वाचा विपर्यासच म्हणावा लागेल.

जयप्रकाश नारायण यांनी हंगेरीविषयीच्या या धोरणावर कठोर टीका केली. १४ नोव्हेंबर रोजी नवी दिल्लीत भारत, ब्रह्मदेश, सिलोन व इंडोनेशिया यांच्या पंतप्रधानांनी सोव्हिएट सेना हंगेरीतून काढून घेण्यात यावी असे संयुक्त निवेदन केले. सुएझविषयी वापरलेली भाषा आता हंगेरीसही लागू झाली होती. तोवर बुडापेस्टमधील सशस्त्र प्रतिकार मोडून काढण्यात आला होता.