तळपायांची आग आणि चिनी सुई

मधुमेह जुना झाला की काही रोग्यांना रात्र नकोशी होते. दिवे मालवले, घर झोपी गेले, की तळपायांत निखारे फुलू लागतात. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून हे सुटले नव्हते. प्रमेहाच्या पूर्वरूपांत चरकसंहितेने हातापायांचा दाह आणि सुप्तता, म्हणजे बधिरपणा, ही दोन्ही लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. ज्या पायाची आग होते त्याच पायाला काटा रुतलेला कळू नये, असा हा विचित्र विकार! १९२२ साली इन्सुलिन प्रथम रोग्याला टोचले गेले आणि मधुमेह्यांचे आयुष्य वाढले. त्याबरोबर ही आग सोसण्याची वर्षेही वाढली.

तिच्यावर जे नाना उपाय झाले, त्यांत चीनची सुई एक. तिचे भाग्य मायदेशीही सदा उजळ नव्हते. १८२२ साली खुद्द बादशहाच्या हुकुमाने पेकिंगच्या राजवैद्यकशाळेतील सूचिचिकित्सेचा विभाग बंद झाला. विसाव्या शतकाच्या मध्यावर, नव्या राजवटीत, तिला पुन्हा मान मिळाला, आणि त्याच सुमारास ती भारतात आली.

१९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसूही होते. कोटणीस १९४२ साली तिकडेच निवर्तले. बसू परतले, १९५८-५९ च्या सुमारास ते पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात तिने रोग्यांवर उपचार करू लागले. कोटणीस शल्यवैद्य होते. सुई आणली ती बसूंनी, हे आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने सांगावे.

मग पायांची आग शमते काय? मँचेस्टर येथे ४६ मधुमेही रोग्यांवर झालेला सुईचा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले. रक्तातील साखर मात्र होती तेथेच राहिली. शिवाय तुलनेसाठी सुईविना ठेवलेला गट नव्हता. वेदना अशी लहरी की कोणी आपुलकीने पाय हाती घेतला तरी ती थोडी मागे सरते! त्यानंतर खोट्या सुया टोचूनही तुलना झाल्या. पण बहुतेक प्रयोग लहान होते आणि निकाल अजून पक्का झालेला नाही. मला वाटते, सुईकडे वेदनेवरचा दिलासा म्हणून पाहावे, मधुमेहावरचा उपाय म्हणून नव्हे. सुईच्या भरवशावर इन्सुलिन सोडणारा जिवाशी खेळतो.

धोका आणखी एक आहे. ज्या पायाला जोडा चावलेला कळत नाही, त्याला सुईची जखम चिघळलेलीही कळणार नाही. म्हणून जाणता वैद्य निर्जंतुक सुईची पुडी उघडण्याआधी रोग्याचा पाय उजेडात धरतो, आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहतो.