डिचोलीचा बिशप आणि गोमंतकीय पाद्रींचा मठ

सतराव्या शतकात डिचोली पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हती. हा मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा होता. दिवाडी बेटावरून होडीने नारवेला उतरले की व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) या तिघांचीही हद्द संपत असे. बाटाबाटीच्या (धर्मांतराच्या) काळात दिवाडीचा सप्तकोटेश्वर देव याच वाटेने नारवेला गेला. पुढच्या शतकात त्याच बेटावर जन्मलेला एक कॅथलिक बिशपही आश्रयासाठी डिचोलीत आला. गोमंतकीय ख्रिस्ती संन्यस्त जीवनाचा इतिहास सांगायचा तर तो जुन्या गोव्यातील भव्य मठांपासून नव्हे, या आश्रयापासून सांगावा लागतो.

जुन्या गोव्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा संघांचे मोठमोठे मठ होते. पण स्थानिक ख्रिस्ती तरुणाला त्यांची दारे जवळपास बंदच असत. तो शिकून पाद्री होऊ शके. गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) गोऱ्या विगाराच्या, म्हणजे मुख्य पाद्रीच्या, हाताखाली काम करू शके. मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांचे जीवन त्याला पेलणार नाही, असे मठवासी धरून चालत. ज्या समाजाला संन्यास, उपास आणि जपजाप्य पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याच्याविषयीचे हे मत केवळ वर्णाहंकाराचे होते.

दिवाडीच्या मातेउस द कास्त्रोला तर गोव्याच्या आर्चबिशपने पाद्रीची दीक्षाच नाकारली. तो खुष्कीच्या वाटेने रोमला गेला, तेथे शिकला, पाद्री झाला आणि 1637 साली बिशपही झाला. लॅटिन परंपरेतील हा पहिला भारतीय बिशप. पोपच्या प्रोपागांदा फिदे या खात्याने त्याला आदिलशाही मुलखाचा प्रेषितीय प्रतिनिधी नेमले. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्याचे अधिकार मानले नाहीत, तेव्हा त्याने डिचोलीत चर्च उभारले आणि गोमंतकीय पाद्रींना आपल्याभोवती जमवले. 1653 मध्ये गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्तींना उद्देशून लिहिलेल्या त्याच्या पुस्तिकेत पोर्तुगीज पाद्रीवर्गावर कडक टीका आहे. त्याचा स्वभाव भांडखोर होता, आदिलशहाला गोव्यावर चढाईला चिथावल्याचा आरोपही त्याच्यावर आला, आणि अखेरीस रोमने त्याला परत बोलावून घेतले. कुस्तोदिओ द पिन्हो पुढे त्याच पदावर आला. गोमंतकीय पाद्री स्वतःच्या बळावर संघटित राहू शकतात, हे मात्र डिचोलीत दिसून गेले होते.

1682 साली पास्कोआल द कोस्ता जेरेमियास आणि त्याचे सोबती पाद्री बाती गावच्या टेकडीवरील गुआदालुपच्या चर्चमध्ये एकत्र राहू लागले. दोन वर्षांनी त्यांना जुन्या गोव्यातील क्रूझ दुश मिलाग्रिश हे चर्च मिळाले. ज्या टेकडीवरच्या खुर्साबद्दल (क्रुसाबद्दल) 1619 मध्ये चमत्काराची वार्ता पसरली होती, तीच ही जागा. 1685 मध्ये सांकवाळचा जुझे वाझ त्यांच्यात सामील झाला. मठाला नियम नव्हता, तो त्याने दिला. रोमच्या संत फिलिप नेरीच्या ऑरेटरीचा नमुना त्याने स्वीकारला: कायमची व्रते घ्यायची नाहीत, पण एका छपराखाली राहायचे, एका पंगतीत जेवायचे, ठरल्या वेळी प्रार्थना आणि ध्यान करायचे, गावोगाव जाऊन प्रवचने करायची आणि पापनिवेदने ऐकायची. बंधन शपथेचे नव्हते, सोबत्यांच्या प्रेमाचे होते. म्हणूनच ते टिकले.

या शिस्तीची कसोटी सिलोनात लागली. तेथे डचांनी कॅथलिक पाद्रींवर बंदी घातली होती. 1687 मध्ये वाझ मजुराच्या वेशात जाफन्याला पोहोचला. कॅथलिक घरे ओळखायची कशी? भिकाऱ्यासारखा दारोदार हिंडताना तो गळ्यात जपमाळ घालू लागला. ती पाहून कोण कसे वागते, हे तो निरखत असे. वर्षानुवर्षे पाद्रीविना राहिलेल्या कुटुंबांची अशी एकेक करून ओळख पटली. पुढे कँडीच्या राजाने त्याला हेर समजून कैदेत टाकले. 1697 च्या देवीच्या साथीत त्याने टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली. क्रूझ दुश मिलाग्रिशच्या मठातून त्याच्यामागे पाद्री जात राहिले. त्यांतला जाकोम गोन्साल्विस दिवाडीचा. त्याने सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल ख्रिस्ती ग्रंथरचना केली. वाझ 1711 मध्ये कँडीत वारला; 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला कोलंबोत संत घोषित केले.

मिलाग्रिशच्या या मठाची एक मर्यादा झाकून ठेवण्यासारखी नाही. त्यात प्रवेश फक्त ब्राह्मण ख्रिस्तींना होता. ज्या भेदाविरुद्ध तो उभा राहिला, तोच भेद त्याने घरात ठेवला. चार्डो, म्हणजे क्षत्रिय मूळ सांगणाऱ्या ख्रिस्ती, पाद्रींनी मग अठराव्या शतकात चिंबल येथे कार्मेलाइट परंपरेचा आपला वेगळा मठ काढला.

कास्त्रोला आश्रय देणारी डिचोलीही पुढे पोर्तुगिजांची झाली. 1781 ते 1788 या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे आले. येथील देवळे आणि रीतिरिवाज यांना हात न लावण्याचे राज्यकर्त्यांनी मान्य केले होते. त्यामुळे बार्देश-साष्टीसारखी सार्वत्रिक बाटाबाटी येथे झाली नाही, आणि ख्रिस्ती वस्ती हिंदू शेजाराच्या मानाने लहानच राहिली. जत्रा आणि फेस्त (चर्चचा उत्सव) एकाच शिवारात होऊ लागली. डिचोली महालातील शिरगावच्या लईराई देवीला आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (मेरीमातेला) येथे सख्ख्या बहिणी मानतात. म्हापशाच्या फेस्ताला हिंदू भाविक सायबिणीला तेल वाहतात. शिरगावात लईराईचे धोंड (व्रतस्थ भक्त) कडक उपास पाळून वैशाखातल्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालतात.

1835 मध्ये लिस्बनच्या हुकुमाने गोव्यातील पुरुषांचे सगळे संघ बरखास्त झाले. गोऱ्यांच्या मठांबरोबर क्रूझ दुश मिलाग्रिशचा मठही गेला आणि टेकडीवरचे चर्च ओस पडले. त्यानंतर इगर्जीचे सामुदायिक जीवन गावच्या पाद्रींनी, कोंफ्रारींनी (भाविकांच्या मंडळांनी) आणि खुर्सापुढे लादायन (सामुदायिक प्रार्थना) म्हणणाऱ्या वाड्यांनी चालू ठेवले. 1887 मध्ये फादर बेंतो मार्तिन्स यांनी आगोंदला नवा गोमंतकीय संघ स्थापला, तोच पुढे पिलारचा संघ झाला. हणजुणे गावचे फादर आग्नेल द सौझा याच संघातले. तपस्वी वृत्तीबद्दल त्यांची ख्याती हिंदू-ख्रिस्ती दोघांतही होती. ते 1927 साली राशोल येथे वारले. संघ तेव्हा जेमतेम तग धरून होता. 1939 मध्ये त्याची पुनर्रचना झाली आणि त्याचे पाद्री गोव्याबाहेरही कामाला जाऊ लागले.