मधी कुणाची जमीन हाय?

परवा शनिवारी मलकापूरला घरी होतो. सकाळी सोप्यात बसून चहा घेत होतो, तेवढ्यात ऑनसाइटला गेलेल्या मित्राचा फोन आला. हा गडी सध्या ॲमस्टरडॅमला आहे. त्याला तिथून लंडनला जायचं होतं आणि ट्रेनने जावं की विमानाने, हे काही केल्या ठरत नव्हतं. आम्ही पडलो इंजिनियर, त्यामुळे त्याने एक्सेल शीट केली होतीच. भाडं, लागणारा वेळ, एअरपोर्टपर्यंत जायचा खर्च, सामान किती चालतं, सगळे रकाने भरून तयार. मीही गंभीर आवाजात सल्ले देत होतो. आता मलकापुरात रेल्वे कधी आली नाही, जवळचं स्टेशन म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं कोल्हापूर, आणि विमान आम्ही अंगणातून मान वर करून बघतो. पण सल्ला द्यायला काय जातंय :-)

फोन ठेवला तर आजोबा म्हणाले, "काय रं, कुटं निघालाय तुझा दोस्त?" मी सगळं सांगितलं, एक्सेलसकट. आजोबा आता नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिकिटाचं ऱ्हाऊ दे. मधी कुणाची जमीन हाय ते बघाय सांग आधी."

हा रकाना मित्राच्या शीटमध्ये नव्हता. आणि आमच्या पिढीतल्या कुणाच्याच शीटमध्ये तो असणार नाही. पण आजोबांना तो सगळ्यात आधी आठवला, कारण त्यांच्या लहानपणी सरहद्द म्हणजे काही परदेशातली गोष्ट नव्हती. मलकापूर हे तेव्हा विशाळगड जहागिरीचं मुख्य ठिकाण, आणि ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या हाताखाली. आंबा घाट उतरून खाली गेलं की रत्नागिरी जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि ही रेघ पुसली गेली. ती तशी मवाळ रेघ होती. खरी सरहद्द होती आणखी दक्षिणेला, गोव्याच्या तोंडावर. आज आपण लाँग वीकेंडला जिथे सहज जातो, तिथे १९६१ पर्यंत परक्या देशाची हद्द होती, आणि तिथे रेल्वे की विमान हा प्रश्न एका पिढीने फार महागात सोडवला. त्याचीच ही गोष्ट.

आधी रेल्वे. २६ डिसेंबर १८७८ ला ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. इंग्रजांना गोव्याच्या जकातीवर आणि मिठावर ताबा हवा होता. पोर्तुगीजांना मुरगाव बंदराला जोडणारी रेल्वे हवी होती, म्हणजे घाटावरचा माल आपल्या बंदरातून जाईल. या करारातून वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे उभी राहिली. मुरगावपासून निघून, दूधसागरच्या धबधब्याला वळसा घालून, घाट चढून कॅसलरॉकपर्यंत, साधारण ८२ किलोमीटर. १८८८ पर्यंत ती सुरू झाली. कॅसलरॉकला ती इंग्रजांच्या बाजूच्या मीटरगेज रुळांना मिळाली आणि लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्यापर्यंत सलग वाट तयार झाली. १८९१ मध्ये मिरज ते कोल्हापूर हा संस्थानचा फाटाही झाला, तोही मीटरगेजच. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला मिरजेला गाडी बदलून, रुळांची रुंदी न बदलता, थेट पोर्तुगीज राज्यात उतरता येत होतं. मुंबईकराला मात्र पुण्याला गाडी बदलावी लागायची, कारण तिथून पुढे ब्रॉडगेज.

सरहद्दीवर तपासणी व्हायची. इंग्रजांच्या बाजूला कॅसलरॉक, पोर्तुगीजांच्या बाजूला कुळे. बोचकी उघडा, दाखवा, बांधा, पुन्हा गाडीत बसा. कटकट होतीच. पण लक्षात घ्या, ही गाडी सामान्य माणसाची होती. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांच्या 'कूड' होत्या, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या राहायच्या जागा. बोटीवर काम करणारे खलाशी, स्वयंपाकी, वाजंत्री, कारकून तिथे राहायचे आणि सणाला, लग्नाला, मयताला गावी जायचे. कुणी आगबोटीने, कुणी या गाडीने.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर या व्यवस्थेत एक मोठी भानगड होती: सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. गोव्याला जगाशी रेल्वेने जोडणारा रूळ एकच, आणि तो कॅसलरॉकला दुसऱ्याच्या जमिनीत शिरत होता. ती जमीन इंग्रजांची होती तोवर चालून गेलं, कारण लंडन आणि लिस्बन ही जुनी दोस्त मंडळी. १९४७ नंतर तीच जमीन स्वतंत्र भारताची झाली. भारताचं म्हणणं सरळ होतं, गोवा सोडा. सालाझारचं म्हणणं तितकंच सरळ, सोडणार नाही. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून जास्त माणसं मेली. त्यानंतर भारताने नाकेबंदी घट्ट केली. १ सप्टेंबरला गोव्यातली वकिलात बंद झाली आणि कॅसलरॉकवरून गोव्यात जाणारी गाडीही थांबली. रूळ जागेवर, इंजिनं जागेवर, दूधसागरही जागेवर. फक्त मधल्या जमिनीच्या मालकाने नाही म्हटलं.

पोर्तुगीज सरकारला याची चाहूल आधीच लागली असणार, कारण त्याच १९५५ साली दाबोळीचा विमानतळ तयार झाला. त्याला तेव्हाचे गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचं नाव देण्यात आलं. दमण आणि दीवलाही धावपट्ट्या झाल्या. आणि सरकारी विमान कंपनी निघाली: ट्रान्सपोर्टिश आएरेउश दा इंडिया पोर्तुगेझा, थोडक्यात 'टाइप'. सुरुवातीला छोटी हेरॉन विमानं, मग व्हायकिंग, पुढे चार इंजिनांची डीसी-४. दाबोळीहून दमण, दीव आणि मुख्य म्हणजे कराची. पुढे काही वर्षांत हीच कंपनी प्रवाशांना पार लिस्बनपर्यंत न्यायला लागली.

कराचीच का? नकाशा काढून बघा. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाचं. पण किनाऱ्यापासून काही मैल पलीकडचा समुद्र कुणाचाच नसतो आणि त्यावरचं आकाशही. दाबोळीहून उडालेलं विमान अरबी समुद्रावरूनच वर वर गेलं की भारताला न विचारता थेट कराची गाठता येते, आणि पाकिस्तानला पोर्तुगालचं वावडं नव्हतं. इंजिनियर म्हणून मला हा मार्ग बघून दाद द्यावीशी वाटते. रस्ता अडवला, तर अडवणाऱ्याला वगळून नवीन रूट काढला. नेटवर्कमध्ये आपण हेच करतो.

पण इथेच मला आमच्या एक्सेलचा दोष दिसतो. कागदावर 'रेल्वे बंद, विमान चालू' असं लिहिलं की एकाच्या जागी दुसरं आलं असं वाटतं. तसं झालं नाही. विमानाने गेले ते सरकारी अधिकारी, त्यांची कुटुंबं, टपाल आणि तिकीट परवडणारे थोडे लोक. त्या कूडमधल्या खलाशाला जायचं होतं मुंबईहून मडगावला. कराचीला जाऊन तो काय करणार? त्याच्यासाठी परवान्याची रांग आली आणि पायपीट आली. कारवारच्या बाजूला माजाळी आणि पोळे यांच्या मधला पट्टा लोक सामान डोक्यावर घेऊन चालत ओलांडायचे. अलीकडे भारताची चौकी, पलीकडे पोर्तुगीजांची, मधे चालणारा माणूस. सरकारं दोन्ही बाजूंनी आपापल्या जागी ठाम होती. दमणूक झाली ती या माणसाची. गोवा मुक्त व्हायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती किंमत कुणी भरली, तेही लिहून ठेवलं पाहिजे.

बरं, राज्यकर्त्यांनाही विमान सगळीकडे उपयोगी पडलं नाही. दादरा आणि नगर हवेलीचं उदाहरण घ्या. हे पोर्तुगीजांचे मुलूख, पण चारी बाजूंनी भारताची जमीन. समुद्र नाही, विमानतळ नाही. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले (आपले बाबूजी, सुधीर फडके, त्यात होते). दमणहून तिथे माणसं पाठवायची तर भारताच्या जमिनीवरूनच जावं लागणार, आणि भारत सोडेना. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. खटल्याचा विषय काय, तर 'जाण्या-येण्याचा हक्क'! म्हणजे आजोबांचा प्रश्नच की. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाऊ द्यायचा हक्क पोर्तुगालला होता, फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने वाट रोखली त्यात त्याने आपल्यावरचं बंधन मोडलेलं नाही. दोघांनीही 'आम्ही जिंकलो' म्हणावं असा निकाल.

शेवट मात्र दाबोळीच्या धावपट्टीवरच झाला. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिथे बॉम्ब टाकले. टर्मिनलला आणि कंट्रोल टॉवरला धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, म्हणून फक्त धावपट्टी फोडली. तळावर दोन प्रवासी विमानं उभी होती, एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक 'टाइप'चं डीसी-४. त्या रात्री अंधारात, धावपट्टीचा जेवढा भाग शाबूत होता तेवढ्यावरून ती दोन्ही उडाली आणि कराचीला पोचली. आत होती अधिकाऱ्यांची बायकामुलं. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. सहा वर्षं चाललेला तो हवाई रूट एका दिवसात संपला. आकाशातून जाणाऱ्यालाही शेवटी उतरायला आणि उडायला जमीन लागतेच.

हे सगळं जुनं झालं, आता कोण विचारतो, असं वाटत असेल तर थांबा. अटारी-लाहोर समझौता एक्सप्रेस २२ जुलै १९७६ ला सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. मुनाबावहून सिंधमध्ये जाणारा रूळ १९६५ च्या युद्धात तुटला, तो २००६ मध्ये थार एक्सप्रेसच्या रूपाने पुन्हा जोडला गेला आणि २०१९ मध्ये पुन्हा तुटला. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस २००८ ची, ती २०२४ च्या जुलैत थांबली. या गाड्यांतून कोण जायचं? फाळणीत दोन्हीकडे विखुरलेल्या घरांची माणसं, आणि उपचारासाठी कोलकात्याला येणारे बांगलादेशी. पुन्हा तेच, खिसा बेताचा आणि सामान जास्त.

आणि विमानाने सुटका होते म्हणावं, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही तसंच उत्तर दिलं, आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी आपली विमानं दक्षिणेकडून वळसा घालून जायला लागली. वेळ जास्त, इंधन जास्त. म्हणजे विमान अडवता येत नाही असं नाही. त्याला वळसा घालता येतो एवढंच, आणि वळशाचे पैसे लागतात. रुळाला वळता येत नाही. पण रूळ जोवर चालू असतो, तोवर तो सगळ्यांना घेऊन जातो, बोचक्यासकट. म्हणून दोन देशांमधली गाडी बंद होते तेव्हा ती नुसती वाहतुकीची बातमी नसते. दोन्हीकडच्या साध्या माणसांचा एकमेकांकडे जायचा रस्ता तुटलेला असतो, आणि विमानं चालू असली तरी तो तुटलेलाच राहतो.

आज मलकापूरहून गोव्याला जाताना कुणी बोचकं उघडायला सांगत नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून धावतेय, कॅसलरॉकवरूनही गाड्या जातात, दाबोळी आहेच आणि २०२३ पासून मोपालाही विमानं उतरतात. एवढे पर्याय असूनही आपण भांडतो ते कशावरून, तर टोल किती आणि भाडं किती :-)

मित्राला संध्याकाळी फोन करून विचारलं, ठरलं का? म्हणाला, ट्रेनचं काढलं. पासपोर्ट ॲमस्टरडॅमच्या स्टेशनवरच बघतात, मग बोगद्यातून थेट लंडन. दोन-तीन देशांची जमीन आणि वर समुद्राचा तळ, एका तिकिटात. मी म्हटलं, शीटमध्ये अजून एक रकाना टाक. म्हणाला, कुठला? सांगितला. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आज सगळीकडे हिरवं आहे रे."

आजोबांना सांगितलं तर ते नुसते हसले. "आज हाय," म्हणाले.

असो. उद्या सोमवार, पहाटेची एसटी पकडायची आहे. भेटू पुढच्या शनिवारी.