चौथा रकाना : प्रयोगशाळेतल्या टाकाऊ रसायनांची गोष्ट



आजचा विषय ठरला तेव्हा एका मित्राने मला हसून विचारलं, "अरे, चंद्रपुरात उभं राहून तू कॉलेजच्या लॅबमधल्या कचऱ्यावर बोलणार? औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसत नाहीत का तुला?" प्रश्न रास्त आहे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा एक प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चौथा नंबर आपल्या चंद्रपूरचा होता, 100 पैकी 83.88 गुण. परीक्षेत इतके गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते आपण! अशा गावात कॉलेजच्या बेसिनमध्ये ओतलेल्या लिटरभर आम्लाचं काय घेऊन बसायचं?

आज मला याच "लिटरभराचं काय" या विचाराचा इतिहास सांगायचा आहे. प्रयोगशाळेत उरलेल्या रसायनाचं पुढे काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे कुणी मुद्दाम टाळला असं मला वाटत नाही. अभ्यासक्रम, कायदा आणि ऑफिसचं रजिस्टर या तीन ठिकाणी तो यायला हवा होता. तिन्ही ठिकाणी त्याच्यासाठी रकानाच ठेवलेला नव्हता, एवढंच.

सुरुवात अभ्यासक्रमापासून करू. तुमच्यापैकी ज्यांनी बी.एस्सी. केलं त्यांनी आपलं केमिस्ट्रीचं जर्नल आठवावं. पानावर तीन रकाने आखलेले असायचे. टेस्ट, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स. काय केलं, काय दिसलं, काय कळलं. परीक्षानळीत पिवळा साका आला, लेड आहे. पांढरा साका आला, बेरियम आहे. मास्तरांनी सही केली, दहापैकी आठ दिले. आणि नळीतलं लेड, बेरियम? ते बेसिनमध्ये. ते कुठे लिहायचं नव्हतं.

ही पद्धत आली कुठून? 1841 साली फ्रेझेनियस नावाच्या एका तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गुणात्मक विश्लेषणाची पद्धतशीर मांडणी करणारं पुस्तक काढलं. धातूंचे गट पाडायचे, हायड्रोजन सल्फाइड सोडून एकेक गट वेगळा करायचा. तो वायू हवा तेव्हा तयार करणारं किप्स अपॅरेटस हॉलंडमधून आलं, तेही 1840 च्या दशकातच. पुढे इंग्रजांनी ही पद्धत आपल्या कॉलेजांत आणली. नागपुरात 1906 साली सायन्स कॉलेज निघालं, 1923 साली विद्यापीठ झालं, 1942 साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे शिकलेली मुलं मास्तर होऊन चांद्याकडे आली. येताना सॉल्ट अॅनालिसिसही आलं, किप्सही आलं आणि सडक्या अंड्याचा तो वासही आला. ज्या काळात ही पद्धत घडली त्या काळात उरलेलं कुठे टाकायचं हे कुणी विचारत नव्हतं. नदी मोठी आहे, वाहून जाईल, असाच समज होता.

आता जरा आपल्या भागाकडे बघा. मोठ्या शहरात निदान गटार असतं. गडचिरोली तर 26 ऑगस्ट 1982 पर्यंत चांदा जिल्ह्यातलाच भाग होता, आणि तालुक्याच्या गावात भुयारी गटार कुठून असणार? लॅबच्या मागच्या भिंतीतून पाइप बाहेर येतो, पाणी शोषखड्ड्यात जातं नाहीतर उघड्या नालीत. नाली बोडीकडे जाते, बोडीखाली धानाच्या बांध्या असतात. हॉस्टेलची विहीर जवळच असते. आम्ल पातळ झालं, चुनखडीच्या जमिनीत मुरलं तर त्याचा जोर मरतो, हे खरं. पण शिसं, पारा, कॅडमियम हे धातू आहेत. ते कुजत नाहीत, जिरत नाहीत. गाळात बसून राहतात.

काचेची भांडी धुवायला आम्ही क्रोमिक अॅसिड वापरायचो. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक अॅसिड. ब्युरेट कशी लखलखीत निघायची! त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सर करतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः कित्येक वर्षं ते बेसिनमध्ये ओतलं आहे. हे मी कबूल करून पुढे जातो.

दुसरी जागा कायद्याची. महाराष्ट्र यात मागे नव्हता, उलट पुढेच होता. देशाचा जल प्रदूषण कायदा 1974 चा, पण आपल्या राज्याने 1969 लाच कायदा केला आणि 1970 साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. मग 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळ घडलं. त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि त्याखाली 1989 साली घातक कचऱ्याचे नियम आले. ते पुढे बदलत गेले, आज 2016 चे नियम लागू आहेत.

हे नियम वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या नजरेसमोर कारखाना आहे. कचरा साठवायची मुदत 90 दिवस. छोट्या उत्पादकाला मंडळ ती 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. आणि छोटा उत्पादक म्हणजे कोण? वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा करणारा! आपल्या एखाद्या ग्रामीण कॉलेजचा कचरा बाटल्यांत मोजावा लागतो. कायदा कॉलेजला सूट देतो असं मात्र समजू नका. विषारी, ज्वलनशील, स्फोटक कचरा कारखान्यातून आला काय आणि लॅबमधून आला काय, तो घातकच. तो पाठवायचा तर सात प्रतींचं मॅनिफेस्ट भरावं लागतं, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. विदर्भासाठी घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र आहे नागपूरजवळ बुटीबोरीला. सिरोंचाहून ते तीनशेहून अधिक किलोमीटर पडतं. दोन कॅन रसायनासाठी कोणता प्राचार्य तेवढी गाडी बोलावेल? आणि त्या खर्चाचं हेड कोणतं? मग एक तर बेसिन, नाहीतर मागचं कपाट.

त्या कपाटाची गोष्ट म्हणजे तिसरी जागा, ऑफिसचं रजिस्टर. कॉलेजात दोन रजिस्टरं असतात. एक कंझ्युमेबलचं, एक डेड स्टॉकचं. रसायनाची बाटली पहिल्यात चढते, आणि लॅबला दिली की कागदावर ती संपली. कपाटात ती अर्धी भरलेली असली तरी कागदावर नाही. यंत्र चढतं दुसऱ्यात, आणि त्यातून निघायचा मार्ग एकच : समिती नेमा, निर्लेखन करा, लिलाव करा. लिलावाच्या कागदावर वजन असतं, किंमत असते. आत काय आहे हे विचारायला रकाना नसतो.

याचं टोक 2010 साली दिल्लीत दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं एक गॅमा किरणांचं उपकरण होतं. 1985 पासून ते वापरात नव्हतं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते इतर भंगारासोबत लिलावात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते तोडलं. आत कोबाल्ट-60 होतं. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडायला लागली, हात काळे पडले, केस गळाले, आणि एकाचा जीव गेला. त्या समितीतल्या कुणाला कुणाचं वाईट करायचं होतं का? अजिबात नाही. त्यांनी निर्लेखनाचं काम नियमानुसार उरकलं. मरणाऱ्याने मात्र आयुष्यात कधी लॅब पाहिली नसेल.

आता आपल्याकडची एक गोष्ट सांगतो, कॉलेजचं नाव घेत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मागचं कपाट साफ करायला काढलं होतं. आमचे लॅब अटेंडंट काका, सगळा जन्म त्या लॅबमध्ये गेलेला माणूस, एक बाटली हातात घेऊन आले. "सर, हे बाटली धुऊन टाकू का जी? झाकण बसलं आहे, पकडीनं फिरवतो." लेबल अर्धं वाळवीने खाल्लेलं. आत पिवळे, कोरडे ठणठणीत स्फटिक, आणि तेच स्फटिक झाकणाच्या आट्यांवर. पिक्रिक अॅसिड. ओलं ठेवलं तर ते साधं रसायन आहे. कोरडं झालं की स्फोटक, पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत भरलं जायचं तेच. नुसत्या घर्षणानेही ते उडू शकतं. मी म्हटलं, "काका, हलू नका. हळूच टेबलावर ठेवा आणि बाहेर चला." पुढे पोलिसांचं बॉम्बशोधक पथक आलं. गडचिरोलीकडे हे पथक म्हटलं की लोकांना भूसुरुंग आठवतो. इथे ते आलं होतं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. त्यांनी बाटली मोकळ्या रानात नेऊन नष्ट केली. काका नंतर हसत हसत सगळ्यांना सांगायचे. मला मात्र ती पकड अजून दिसते. बाटली विकत घेणारा वेगळा, वापरणारा वेगळा, आणि झाकण फिरवणारा वेगळा असतो.

मग काहीच बदललं नाही का? बदललं. सॉल्ट अॅनालिसिस सेमी-मायक्रो पद्धतीने होऊ लागलं, चमचाभराऐवजी चिमूटभर क्षारावर. 1998 साली अमेरिकेत अॅनास्टास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनाची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच असं की कचरा झाल्यावर निस्तरण्यापेक्षा होऊच देऊ नये. आपली आजी तेल सांडल्यावर हेच म्हणायची. पाऱ्याबद्दलचा मिनामाटा करार 2013 चा, भारताने त्याला 2018 साली मान्यता दिली. आणि आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे 2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, खास या दोन जिल्ह्यांसाठी.

मला इथे संधी दिसते. एकेकट्या कॉलेजला बुटीबोरी परवडत नाही. पण दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या कॉलेजांचा कचरा, मंडळाची रीतसर परवानगी घेऊन, सहा महिन्यांतून एकदा एकाच गाडीने गेला तर? खर्च वाटला जाईल, कागदपत्रं एकदाच होतील. ते होईपर्यंत कॉलेजात करण्यासारखं बरंच आहे. आम्लं, अल्कली, जड धातूंची द्रावणं, क्लोरीन असलेले द्रावक आणि नसलेले द्रावक, यांचे कॅन वेगळे ठेवा. एकमेकांत मिसळू नका. प्रत्येकावर नाव आणि तारीख लिहा. पातळ आम्ल उदासीन करूनच सोडा. क्रोमियम आधी बायसल्फाइटने तीन संयुजेवर आणा, मग चुन्याने साका पाडा. पाणी निवळलं, त्यात क्रोमियम उरलं नाही याची खात्री झाली की सोडा, साका कॅनमध्ये ठेवा. त्यामुळे शंभर लिटरचा प्रश्न किलोभरावर येतो. पिवळे स्फटिक दिसलेली बाटली किंवा वर्षानुवर्षं पडलेलं इथर असेल तर झाकणाला हात लावू नका, माणसं बाहेर काढा आणि फोन करा.

आणि इथे जे शिक्षक बसले आहेत त्यांना एक विनंती. या जूनपासून मुलांना जर्नलमध्ये चौथा रकाना आखायला सांगा. काय केलं, काय दिसलं, काय कळलं, आणि उरलेलं कुठे ठेवलं. त्याला दोन गुण द्या. गुण असले की मुलं लिहितात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही मुलं उद्या बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये जातील, घुग्घुसला, भद्रावतीला कामाला लागतील, कुणी मंडळात अधिकारी होतील. माझ्या मित्राला त्या चिमण्या दिसतात ना, त्या चालवणारी माणसंही कुठल्या तरी लॅबमध्ये, कुठल्या तरी बेसिनसमोर उभं राहून शिकलेली आहेत. लिटरभराचं काय, हे ती तिथेच शिकतात.

बाकी, आमचे काका आता निवृत्त झालेत, गावी धान पिकवतात. परवा भेटले तर म्हणाले, "सर, ते कपाट अजून तिथंच आहे का जी?" मी म्हटलं, आहे. तुम्ही सगळे सोमवारी आपापल्या कॉलेजात जाल तेव्हा एकदा तुमचं कपाट उघडून बघा. बाटल्यांना हात लावू नका, आधी फक्त यादी करा.