निष्ठा कोणाशी, बंड कोणाशी?

‘बंड’ हा शब्द आपल्या मराठवाड्यात कोणी तिरस्काराने उच्चारीत नाही. सन १९४७-४८ मध्ये निजामाच्या राज्यात ज्यांना बंडखोर ठरवून तुरुंगात डांबले, त्यांना आज आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो आणि दर १७ सप्टेंबरला त्यांची आठवण करतो. परंतु ख्रिस्ती धर्मग्रंथ उघडला, तर बंड हे मोठ्या पापांत गणलेले आढळते. जुन्या करारात शमुवेल हा संदेष्टा शौल राजाची कानउघाडणी करतो तेव्हा बंड आणि मूर्तिपूजा या दोहोंना तो एकाच तागडीत घालतो. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांचा आरंभही याच विषयाने होतो: देव एक, त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवू नये.

पण याच ग्रंथात याच्या उलट वाटाव्यात अशाही कथा आहेत. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने सोन्याची मूर्ती उभारली आणि सर्वांनी तिच्यापुढे लोटांगण घालावे असा हुकूम काढला. शद्रख, मेशख आणि अबेदनगो या तिघांनी तो मोडला व भट्टीत पडणे पत्करले. नव्या करारात पेत्र आणि त्याचे सोबती न्यायसभेची बंदी धुडकावून उपदेश करीत राहिले, कारण त्यांच्या मते देवाची आज्ञा माणसाच्या आज्ञेहून वरची होती. राजाच्या दृष्टीने हे बंड नव्हे तर काय? म्हणजे हा ग्रंथ सरसकट सगळ्या बंडाला पाप म्हणत नाही. ज्याच्याशी निष्ठा असावी त्याच्याशी केलेले बंड ते पाप. आणि त्या निष्ठेपायी खोट्या धन्याशी केलेले बंड हे कर्तव्य.

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, धर्मशास्त्रात नव्हे. परंतु खरा धनी कोण आणि त्याच्या नावाने हुकूम सोडणारा कोण, हा प्रश्न आम्हांस परका नाही. म्हणून या वसंत व्याख्यानमालेत आम्ही तो इतिहासाच्या आधारे मांडणार आहोत. आपल्या मराठी मुलखातील ख्रिस्ती माणसांनी ही कसोटी कशी दिली, हा आजचा विषय.

एकनिष्ठेची कल्पना आपल्याकडे ख्रिस्ती धर्माबरोबर आली असे मात्र कोणी समजू नये. अनन्यभक्ती हा शब्द आपला आहे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी एकाच शिवाची उपासना सांगितली, देवळाचे व पुरोहिताचे महत्त्व नाकारले आणि त्याच निष्ठेतून जातिभेदाशी बंड केले. ज्या गावात लिंगायत आणि वारकरी शेजारी नांदतात, त्या गावाला पुढची हकीगत समजण्यास अडचण पडू नये.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. सन १८४३ मध्ये मुंबईला नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याचाही ओढा तिकडेच होता. परंतु तो अज्ञान म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. मग प्रश्न उभा राहिला, की मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे अशी खटपट केली, सनातन्यांनी तिला कडवा विरोध केला. पोर बारा वर्षांचे आणि मुंबई शहर दोन तटांत विभागलेले!

हेच नारायण शेषाद्री पुढे पाद्री होऊन आपल्या मराठवाड्यात जालन्यास आले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत बसविली. तीत आलेली कुटुंबे मुख्यतः मांग समाजातील होती. ज्या काळी ब्राह्मणाने मांगाची सावली टाळावी असा दंडक होता, त्या काळी एक ब्राह्मण त्यांच्यात राहून त्यांचा कुटुंबप्रमुख झाला. दगडाची मूर्ती सोडणे त्या मानाने सोपे असते. जन्माच्या मोठेपणाची मूर्ती मनातून हलवणे अवघड. शेषाद्रींनी ती हलवली, हे त्यांच्या वस्तीकडे पाहून म्हणता येते.

परंतु या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार ज्या व्यक्तीने केला आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली, ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, म्हणून त्यांच्यावर रोष झाला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे आणि पुराणे सांगून निर्वाह करी. मग दुष्काळ आला. जवळचा पैसा देवाधर्मात, दानदक्षिणेत आणि अनुष्ठानांत संपला; देव प्रसन्न होईल या आशेवर उपास घडले. मजुरी करावी, तर पंडिताच्या घराण्याला ती कमीपणाची वाटे. सन १८७४ मध्ये वडील गेले, आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास शेकडो कोस पायी चालत सन १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचले. तेथे विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. जग मान देऊ लागले त्या वेळी बाईंच्या मनातली मूर्ती भंगून गेलेली होती. मूर्तींवरील त्यांचा विश्वास वाटेतल्या भुकेने उडाला. कोणा मिशनऱ्याच्या उपदेशाने नव्हे.

पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या शूद्र मानलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी सन १८८० मध्ये त्यांनी विवाह केला. दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. कडेवर मनोरमा ही लेक घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि सन १८८३ मध्ये विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज येथील मठवासिनी भगिनींच्या आश्रयास असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे पुढचे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लेखनाचा त्यांच्या मनावर परिणाम झालेला होता.

महाराष्ट्रात गहजब झाला. बाई गोऱ्यांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागल्या, असे म्हटले गेले. जोतीराव फुले यांनी मात्र सन १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ओंजळीचा आरोप किती खोटा होता, हे कळण्यास रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार वाचावा. तो सन १९७७ मध्ये महाराष्ट्रात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या पत्रांतला वाद असा. बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्च जे शिकवील ते निमूटपणे मानले पाहिजे, अशी सिस्टरांची अपेक्षा. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचे देवत्व, अथनासियसचा मतांगीकार या गोष्टींविषयी बाई प्रश्न विचारू लागल्या. ग्रंथात हे कोठे आहे ते दाखवा, असा त्यांचा आग्रह. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांचे मत घेतले गेले व ते प्रतिकूल पडले. तेव्हा माझे बरेवाईट मला कळते, असे बाईंनी कळविले. मठाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती आपल्याला व आपल्या देशबांधवांना कळत नाहीत, तेथे संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. देवाला लॅटिनच तेवढी समजते काय, असा त्याचा मथितार्थ.

सिस्टर जेराल्डिन यांना यात गर्व दिसला, अवज्ञा दिसली, बंड दिसले. त्या दुष्ट नव्हत्या. बाईंवर त्यांची माया होती आणि ती शेवटपर्यंत राहिली. परंतु चर्चची आज्ञा म्हणजेच देवाची आज्ञा, असे त्यांनी धरले होते. रमाबाईंनी नेमके तेच नाकारले. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यास त्या तयार नव्हत्या. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आलो आहोत, कोणा एका बिशपाच्या ताबेदारीत नव्हे, ही त्यांची भूमिका. ध्यानात घ्या, ही बाई तेव्हा त्याच मठाच्या आधाराने परदेशात राहत होती. अंगावर लहान मूल होते. पोसणाऱ्याशी वाद घालण्यास काय लागते, हे ज्याने एकदा तरी नोकरी धोक्यात घातली आहे त्याला सांगायला नको.

आमच्या समजुतीने रमाबाईंनी मूर्तिपूजेचा अर्थ येथे पुरा केला. मूर्ती दगडाचीच असते असे नाही. देवाच्या जागी बसविलेला पुरोहित ही मूर्ती, बिशप ही मूर्ती आणि सत्याची मक्तेदारी सांगणारी संस्था हीही मूर्तीच. ती नाकारणारा जगाला बंडखोर दिसतो. स्वतःच्या हिशोबी तो एकनिष्ठ असतो.

दुसरी कसोटी मायदेशी लागली. अमेरिकेत व्याख्याने देऊन व पुस्तक लिहून बाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी मदत जमविली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. शाळेत धर्मप्रसार होणार नाही, या अटीवर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळी सल्लागार झाली. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात ओरड झाली, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे न्याय दोन्ही बाजूंना दिला पाहिजे. आईबापांनी विश्वासाने मुली सोपविल्या होत्या. अटीच्या शब्दांइतकाच अटीचा हेतूही पाळला जावा, हे रानड्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते. करार हा करार असतो, हे आमच्यासारख्याने तरी विसरू नये. दुसरीकडे, कोणावर सक्ती नाही. पण लोकांना आवडत नाही म्हणून माझ्याच घरात मी दार लावून चोरून प्रार्थना करणार नाही, ही बाईंची बाजू. सदनात राहून शिकलेल्या सगळ्याच मुली ख्रिस्ती झाल्या नाहीत. गोदूबाई तेथेच शिकल्या आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून हिंदू समाजातच राहिल्या. या वादात बाईंनी रानड्यांसारखे मित्र गमावले, परंतु दार उघडेच ठेवले.

तिसरी कसोटी सरकारची. सन १८९७ च्या प्लेगात पुण्यातील बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड आणि विटंबना झाली, तिच्याविषयी बाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले आणि ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून राज्यकर्त्यांची तरफदारी केली नाही. जो आक्षेप त्यांच्यावर सदैव घेतला गेला, त्याला याहून चोख उत्तर आम्हांस दिसत नाही.

त्याच सुमारास केडगावला ‘मुक्ति’ उभी राहिली. दुष्काळपीडित मुली व बाया मध्यप्रांतातून, गुजरातेतून आल्या आणि तेथील संख्या जवळजवळ दोन हजारांवर पोचली. शेती, विणकाम, छापखाना सर्व कामे बायकांच्या हाती. ज्या घरात मजुरी कमीपणाची म्हणून माणसे उपाशी मेली, त्याच घरातल्या लेकीने हजारो स्त्रियांच्या हाताला काम दिले. ही संस्था त्यांनी कोणत्याही एका चर्चच्या पंखाखाली जाऊ दिली नाही. याच वृत्तीने पुढे कवी नारायण वामन टिळक यांनी सन १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ भरविला.

शेवटची वर्षे बाईंनी बायबलच्या भाषांतरात घालविली. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर, साध्या बाईला न कळणारे आणि जुन्या देवधर्माचा वास असलेल्या शब्दांनी भरलेले, असे त्यांचे मत झाले होते. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मुळावरून सोप्या मराठीत सर्व ग्रंथ उतरविला. केडगावच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळविले. सन १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण भाषांतर सन १९२४ मध्ये बाहेर आले. विद्वानांनी त्या भाषेला नावे ठेवली. परंतु ज्या पंडितेला संस्कृतात सभा जिंकता येत होती, तिने तेच पांडित्य बाजूला ठेवले. स्वतःच्या कीर्तीचीही मूर्ती होऊ शकते, हे तिला ठाऊक असावे.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. हिंदू धर्मावर त्या पुष्कळदा एकांगी बोलल्या. केडगावात त्यांचाच शब्द अखेरचा असे. ज्यांनी दुसऱ्यांचे अधिकार तपासले, त्यांचा अधिकार तपासणारे तेथे फार कोणी नव्हते. हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.

आता एक शंका राहते. प्रत्येकजण ‘माझी सदसद्विवेकबुद्धी’ म्हणून शिस्त मोडू लागला तर काय? संघटनेत आम्ही हे रोज पाहतो. वर्गणी बुडविणाराही तत्त्वाची भाषा बोलतो आणि पदाधिकाऱ्याला हिशोब विचारणाराही. पहिला स्वतःच्या सोयीशी निष्ठ, दुसरा संघटनेच्या हेतूशी. पदाधिकारी दोघांनाही फितूर म्हणतो. मग निवड कशी करायची? आमची परीक्षा साधी आहे. त्या बंडाने बंड करणाऱ्याचे काय गेले आणि काय आले, हे पाहावे. शेषाद्रींची जात गेली. रमाबाईंचा आश्रय, मित्र, लोकमान्यता सर्व गेले. वाट्याला आले ते दोन हजार अनाथांचे काम. असले बंड सोयीचे नव्हते.

आपण कोणताही धर्म माना अथवा मानू नका. ज्याच्यापुढे आपली मान आपोआप लवते, तो खरोखर आपल्या निष्ठेचा धनी आहे की कोणी त्याच्या आसनावर चढून बसला आहे, एवढे वर्षातून एकदा तरी तपासून पाहावे. केडगावच्या बाईंनी ते जन्मभर केले, आणि त्यासाठी मराठी माणसाने, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, त्यांचे ऋण मानले पाहिजे.